"दिसलं, सर"

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. गोड बोलणं माझ्या स्वभावात नाही, हे आधीच सांगून ठेवतो. बारीक वस्तू मोठी करून दाखवणं एवढंच माझं काम. वस्तू सुंदर असली तर सुंदर दिसते, कुरूप असली तर कुरूप. तुम्हाला 'मित्रांनो' म्हणतो खरा, पण माझ्यापुढे आजवर जी मुलं उभी राहिली त्यांतली बरीचशी मला घाबरून होती, आणि ज्याला आपण घाबरतो त्याच्यावर आपण प्रेम करत नाही. हे मी कपाटात बसून शिकलो.

माझा जन्म अंबाल्याचा. तिथल्या एका लहानशा कारखान्यात माझं लोखंडी शरीर ओतलं गेलं, त्यावर काळा रंग चढला आणि एका म्हाताऱ्या कारागिराने माझी भिंगं बसवली. वर डोळा लावायचं भिंग आणि खाली, फिरत्या चकतीवर, वस्तूकडे तोंड केलेली तीन भिंगं. तो कारागीर प्रत्येक भिंग बसवल्यावर त्यावर फुंकर मारायचा, पण बोट कधी लावायचा नाही. बोटाला तेल असतं, घाम असतो. काचेला दोन्ही चालत नाहीत.

तिथून मी रेल्वेने, मग मालमोटारीने खानदेशात आलो. पारोळ्याहून धुळ्याकडे जाताना आत वळलं की एक मोठं गाव लागतं. तिथल्या माध्यमिक शाळेला कापसाचे व्यापारी अमृतलाल शेठ यांनी आपल्या आईच्या, मोहनबाईंच्या स्मरणार्थ मला भेट दिलं. माझ्या लाकडी पेटीवर त्यांचं नाव रंगवलेलं होतं. समारंभ झाला, मला हार घातला, टाळ्या वाजल्या. एवढं कौतुक पुन्हा माझ्या वाट्याला आलं नाही.

सुरुवातीची वर्षं इंदिराबाईंची होती. त्या विज्ञान शिकवायच्या. मुलांना सांगायच्या, घरून काहीही आणा, आपण बघू. मुलं माशीचा पंख आणायची, डबक्याचं पाणी आणायची, कपाशीच्या फुलातले पराग आणायची. एकदा एका मुलाने डोळा लावला आणि ओरडला, "बाई, टायर! काळं टायर शे!" तो हवेचा बुडबुडा होता. इंदिराबाई पोट धरून हसल्या, मग वर्गाला म्हणाल्या, "या पोराने आज बुडबुडा ओळखायला शिकवलं. काळी जाड कड दिसली की समजायचं, हवा अडकली." त्या मुलाची मान दोन इंच वर झाली. तो पुढचा आठवडाभर ज्याला त्याला बुडबुडे दाखवत होता.

इंदिराबाई निवृत्त झाल्या आणि शालिग्राम सर आले.

सर वाईट होते असं मी म्हणणार नाही. विषयाचे पक्के होते. पेशीची आकृती खडूने अशी काढायचे की पुस्तकातली फिकी पडावी. पण त्यांचा एक ठाम समज होता: मूल घाबरलं की शिकतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला काचेच्या कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली. "ही वस्तू खेळणं नाही," ते म्हणाले. "हात लावणाऱ्याचा हात मोडेन."

पुढे शाळेत भिंतीवर मोठा टीव्ही आला. मग तर माझी गरजच संपली. टीव्हीवर कांद्याच्या पेशी गुलाबी, रेखीव, विटांसारख्या रांगेत दिसायच्या. मुलं त्यावरून आकृती काढायची. मी काचेआडून बघत बसायचो.

मधे एक गोष्ट घडली, ती सांगायला हवी. एका सकाळी प्रार्थनेनंतर मुख्याध्यापकांनी सरांना साऱ्या मुलांसमोर थांबवलं. खिडकीतून मला सगळं ऐकू आलं. "शालिग्राम सर, विज्ञानात एवढी मुलं नापास? तुम्ही तासाला झोपा काढता का?" सर म्हणाले, "नाही सर." बस्स, तेवढंच. मग ते प्रयोगशाळेत आले, टेबलाला दोन्ही हात टेकून उभे राहिले आणि पहिलं मूल आत आलं तेव्हा त्याच्यावर असे ओरडले की त्या मुलाच्या हातून डबा पडला. वरून खाली येणारं पाणी कुठे थांबतं, हे बघायला सूक्ष्मदर्शक लागत नाही.

आता खंडेनवमीचं सांगतो. त्या दिवशी आमच्याकडे अवजारांची पूजा होते. शेतकरी वखर-पांभर धुतो, सुतार करवत-किकरं मांडतो आणि शाळेत घंटा, हार्मोनियम, संगणक, तराजू आणि मी, असे आम्ही एका टेबलावर बसतो. त्या वर्षी शालिग्राम सरांनी स्वतः पूजा केली. आंघोळ करून, डोक्याला टोपी घालून आले होते. एरवी दगडासारखा असलेला त्यांचा चेहरा त्या दिवशी मऊ होता. त्यांनी मला पेटीतून लहान मुलासारखं उचललं, फडक्याने पुसलं. मग कुंकू पाण्यात कालवलं, त्यात अनामिका बुडवली आणि माझ्या तिन्ही भिंगांना, एकेका भिंगाच्या तोंडावर, भक्तिभावाने टिळा लावला. वर हळद लावली. नमस्कार केला.

मित्रांनो, मला इतक्या मायेने कोणी कधी हाताळलं नव्हतं. आणि त्याच मायेने माझे डोळे मिटले. कुंकू वाळलं, काचेवर घट्ट बसलं. सरांनी मला कपाटात ठेवून कुलूप लावलं.

दिवाळीची सुट्टी संपली आणि बातमी आली की शाळेची तपासणी आहे, मुलांनी प्रत्यक्ष प्रयोग केलेले दिसले पाहिजेत. सरांनी किल्ली काढली. आठवीचा वर्ग प्रयोगशाळेत आला. सरांनी कांद्याचा पातळ पापुद्रा सोलून काचपट्टीवर ठेवला, आयोडीनचा थेंब टाकला, वर झाकणकाच ठेवली. सगळं अगदी बरोबर केलं. फक्त स्वतः डोळा लावून बघितलं नाही. "मी काय बघायचं? कांद्यात काय असतं ते मला पाठ आहे," ते म्हणाले. "एकेकाने या. बघा. आकृती काढा. वेळ घालवायचा नाही."

पहिला अखिल आला. त्याने डोळा इतका आवळला होता की भिंग स्वच्छ असतं तरी त्याला स्वतःच्या पापण्यांपलीकडे काही दिसलं नसतं. सर मागे उभे होते. त्यांचा श्वास त्याच्या मानेवर येत होता.

"दिसलं?"

"दिसलं, सर."

"काय दिसलं?"

"पेशी, सर. विटांसारख्या."

टीव्हीवर बघितलेलं होतंच. मग दुसरा आला, तिसरी आली. लालसर अंधारात डोकावायचं, "दिसलं, सर" म्हणायचं आणि जागेवर जाऊन विटा काढायच्या. हर्षिता आली. ही अमृतलाल शेठची नात, वर्गात पहिली येणारी. तिने डोळा लावला, क्षणभर थांबली, डोकं वर करून माझ्याकडे बघितलं, पुन्हा डोळा लावला. तिला कळलं होतं. तिच्या तोंडून शब्द येणार असं मला वाटलं.

"दिसलं, सर," ती म्हणाली.

तिच्या मागे मयुरी होती. मयुरीचं घर गावाच्या टोकाला, वडील दुसऱ्यांचा ट्रॅक्टर चालवतात, आई बेबाबाई आपल्या वावरात राबते. मयुरी आणि हर्षिता पाचवीपासून एका बाकावर बसायच्या. मधल्या सुट्टीत मयुरीची कळण्याची भाकरी हर्षिता खायची आणि हर्षिताचे खाकरे मयुरी. मयुरीने डोळा लावला, स्क्रू हळूहळू फिरवला, आरसा उजेडाकडे वळवला. सगळं जसं करायला हवं तसं केलं.

"सर, काही दिसत नाही."

वर्गातल्या पेन्सिली थांबल्या.

"नीट बघ."

"नीटच बघितलं, सर. नुसतं लाल दिसतं."

"लाल? काल रात्री काय मिरच्या कुटल्या डोळ्यात?" वर्ग हसला. हसलं की आपण सरांच्या बाजूचे ठरतो, हे मुलांना कोणी शिकवावं लागत नाही.

"नाही सर. पेशी दिसत नाहीत."

"तुझ्या आधी अर्ध्या वर्गाला दिसल्या. ते सगळे खोटं बोलतात?"

मयुरीने वर्गाकडे बघितलं. हर्षिता वहीत मान घालून विटांना छायाभेद करत होती. "त्यांचं मला माहीत नाही, सर. मला दिसत नाही."

सरांच्या कपाळाची शीर उठली. ते तिला वेडी म्हणाले, आगाऊ म्हणाले, घरचं वळण काढलं. मग दाराकडे बोट करून म्हणाले, "विज्ञानाच्या तासाला बाहेर उभं राहायचं. ज्या दिवशी दिसेल त्या दिवशी आत ये आणि सगळ्यांसमोर म्हण, दिसलं."

तेव्हापासून प्रत्येक विज्ञानाच्या तासाला मयुरी व्हरांड्यात, माझ्या खिडकीखाली उभी राहू लागली. आणि मित्रांनो, सरांपेक्षा जास्त तिला तुमच्यासारख्यांनी छळलं. खरं बोलणारा एक जण बाकी सगळ्यांना खोटं ठरवतो. मुलं तिला 'आंधळी' म्हणू लागली. तिच्यासमोरून जाताना डोळे मिटून, हात पुढे करून चाचपडत चालायची. अखिलने तर तिच्या दप्तरावर काळा चष्मा काढला. हे सगळं चालू असताना हर्षिता लांबून, पायऱ्यांवर बसून बघायची.

एका मधल्या सुट्टीत मयुरी खिडकीखालीच बसली होती, तिथे हर्षिता आली. हातात खाकऱ्यांचा डबा होता.

"म्हणून टाक ना गं एकदा. काय जातं तुझं?"

"तुला दिसलं होतं?" मयुरीने विचारलं.

हर्षिता डब्याच्या झाकणाशी चाळा करू लागली.

"सांग की. दिसलं होतं?"

"तसं नाही गं. सरांना राग येतो, तुला माहितीये ना? आपण म्हणायचं आणि सुटायचं."

"तू सुटलीस ना? मग जा."

"मयुरी, असं काय करतेस? मी तुझ्यासाठीच सांगतेय."

"माझ्यासाठी त्या दिवशी सांगायचं होतं." मयुरीने डबा बाजूला सारला. "आणि हे तुझं खाणं ने. मला नको."

हर्षिता डबा घेऊन गेली. तिने तो उघडला नाही.

मग मयुरी विज्ञानाच्याच नव्हे, कुठल्याच तासाला दिसेना. कापूस वेचणीचे दिवस होते. आठवीपर्यंत शिकून वावरात गेलेल्या मुली त्या गावात नव्या नाहीत. एकदा गेली की पोर परत वर्गात येत नाही. मी कपाटात बसून हेच मनाशी धरलं होतं की ही आता गेली. आणि काय नाही दिसलं म्हणून गेली? सरांच्याच बोटाचं कुंकू.

पण बेबाबाई आली. आठवीचा तास चालू असताना ती दारात उभी राहिली. डोक्यावरचा पदर दातात धरलेला, केसांत कापसाचे धागे अडकलेले. एका हाताने तिने मयुरीचं मनगट धरलं होतं.

"सर, पोर शाळामा जावाले नही म्हनस. काय व्हयनं?"

"तुमची मुलगी खोटं बोलते, बाई. वर उलट उत्तर देते."

"आगाऊ शे ती, मान्य शे. मालेबी उलट बोलस. पन खोटं बोलत नही."

"अख्ख्या वर्गाला जे दिसतं ते तिला दिसत नाही? विचारा कोणालाही." सर वर्गाकडे वळले. त्यांनी सगळ्यात भरवशाचं नाव घेतलं. "हर्षिता, उठ. सांग यांना."

हर्षिता उठली. बाकाची कड तिने दोन्ही हातांनी धरली होती. वर्ग तिच्याकडे बघत होता आणि मयुरी तिच्याकडे बघत नव्हती.

"मोठ्याने सांग," सर म्हणाले.

"नाही दिसलं, सर."

"काय?"

"मलाही नाही दिसलं. लालच होतं. मयुरी म्हणाली तसंच."

"मग त्या दिवशी का सांगितलं नाहीस?" सर गरजले.

हर्षिताला रडू फुटलं, पण ती खाली बसली नाही. "असं ओरडता म्हणून, सर."

कोणीतरी मागच्या बाकावरून पुटपुटलं, "मालेबी नही दिसनं." मग आणखी कोणी. अखिलने वही मिटली. सर भोवती बघत राहिले. त्यांना वाटलं असावं की सगळा वर्ग ठरवून उठला आहे. त्यांचा हात टेबलावरच्या पट्टीकडे गेला.

तेव्हा बेबाबाईने अगदी साध्या आवाजात विचारलं, "सर, तुम्ही देखं का त्यामा?"

सर थांबले.

"मी काय देखू? माले त्यामधलं काय समजस? तुम्ही शिकेल शेतस. तुम्हीच देखा ना."

आता दुसरा रस्ता उरला नव्हता. सरांनी कपाट उघडलं, मला टेबलावर ठेवलं, काचपट्टी बसवली आणि चष्मा काढून डोळा लावला. किती वर्षांनी लावला होता कोण जाणे. त्यांनी स्क्रू फिरवला, आरसा फिरवला, चकती फिरवून दुसरं भिंग आणलं, तिसरं आणलं. मग मला आडवं करून माझ्या तोंडाशी आपलं तोंड आणलं.

बेबाबाईने वाकून बघितलं. तिने आधी सवयीने हात जोडले, मग म्हणाली, "अरे देवा. हाई तं कुकू शे! पूजा कोनी करी व्हती, सर?"

वर्गातल्या प्रत्येकाला माहीत होतं कोणी केली होती. कोणी हसलं नाही. सरांच्या तोंडावर सगळे हसले असते तर बरं झालं असतं, तो तसा हसण्यासारखाच प्रसंग होता. पण त्या खोलीत हसणं म्हणजे कोणाला तरी खाली पाडणं, एवढंच मुलांना ठाऊक होतं.

"चाल माय," बेबाबाई मयुरीला म्हणाली. दारातून वळून सरांना म्हणाली, "पोर खोटी नही, एवढंच माले देखनं व्हतं. आते शाळामा येवानं का नही, ते तिनं ती सांगी."

त्या गेल्या. सरांनी क्षमा वगैरे मागितली नाही. त्यांनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून माझी भिंगं पुसली, सावकाश, आतून बाहेर गोल, जशी पुसायला हवीत तशी. दोन भिंगं स्वच्छ झाली. तिसऱ्यावर हळदीचा डाग राहिला, तो अजून आहे.

पुढच्या तासाला सरांनी ताजा पापुद्रा लावला. या वेळी आधी स्वतः बघितला. पेशी होत्या, एकेकीत पिवळसर केंद्रक होतं. मग त्यांनी मुलांना बोलावलं. अखिल आला.

"दिसलं?"

"दिसलं, सर."

"खरंच?"

"खरंच, सर."

दुसरा आला. "दिसलं, सर." तिसरी आली. "दिसलं, सर." तोच आवाज, तोच वेग, तेच आवळलेले डोळे. सर एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. भिंग साफ झालं होतं, आणि तरी कोणाला खरंच दिसतंय आणि कोण नुसतं म्हणतंय, हे त्यांना कळायला काही मार्ग नव्हता. त्या वर्गात 'नाही' म्हणू शकणारं एकच मूल होतं आणि ते त्यांनी घालवलं होतं.

ते खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "हर्षिता, मयुरीला घेऊन ये."

हर्षिता उभी राहिली. "मी नाही जाणार, सर. माझ्याशी ती बोलत नाही."

"मग कोण जाणार?"

"तिला तुम्ही बाहेर काढलंत," ती म्हणाली. "तुम्ही जा."

सर तिच्यावर ना ओरडले, ना त्यांनी तिला शाबासकी दिली. घंटा होईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले.

पुढचं मी डोळ्यांनी बघितलं नाही. शिपाई प्रेमराजभाऊ झाडू मारताना पाणी भरायला आलेल्या तानुबाईला सांगत होता, ते ऐकलं. "शालिग्राम सर बेबाबाईच्या वावरात गेले होते म्हणे. बूट काढून बांधावर उभे."

"काय बोलले?"

"कोणास ठाऊक. बेबाबाईने पाणीसुद्धा विचारलं नाही. पोरगी तर ओळीतून बाहेरच येईना, कापूस वेचत राहिली. सर तिची ओळ संपेपर्यंत थांबले."

"मंग बरं व्हयनं," तानुबाई म्हणाली. "थांबू दे थोडं. पोर किती दिवस उभी व्हती."

त्यानंतर मयुरी आली. आनंदाने आली असं समजू नका. तिने कोणाकडे बघितलं नाही. हर्षिताने बाकावर सरकून जागा केली, तिथे ती बसली नाही, मागे जाऊन एकटी बसली. अखिलने तिच्यासाठी वाट सोडली तेव्हा तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो आणखी दोन पावलं मागे गेला. सरांनी मला टेबलावर ठेवलं, काचपट्टी लावली आणि तिचं नाव घेतलं. या वेळी ते तिच्या मागे उभे राहिले नाहीत. टेबलाच्या पलीकडे गेले.

मयुरीने डोळा लावला. स्क्रू फिरवला. खूप वेळ बघत राहिली. सगळ्यांना एकच शब्द ऐकायचा होता. तो म्हटला की प्रकरण मिटणार होतं, सरांचा मान राहणार होता, तिचं वर्ष वाचणार होतं.

"दिसतंय," ती म्हणाली. मग डोळा न काढता म्हणाली, "पण पुसट दिसतंय, सर."

मागच्या बाकावर कोणीतरी कपाळाला हात लावला. सरांची ती शीर उठलेली मी बघितली. त्यांचं तोंड उघडलं. ते कसं उघडतं, त्यातून काय बाहेर पडतं, हे मला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं.

ते टेबलाला वळसा घालून आले, खाली वाकले आणि विचारलं, "किती पुसट?"

मित्रांनो, माझी काळजी घेणं अवघड नाही. स्वच्छ कापूस आणि थोडं स्पिरिट असलं की माझं भागतं. पण तुमच्या वर्गात जो 'मला दिसत नाही' असं म्हणेल, त्याला व्हरांड्यात एकटं उभं राहू देऊ नका. माझा डाग निघाला नाही तरी दुसरं भिंग फिरवून काम चालतं. वर्गात असं मूल दुसरं नसतं.